भिंत न फोडता नेट आतल्या खोलीत कसं न्यायचं? वाचकांचे प्रश्न

वायफाय रडतंय, वायर टाकायची नाहीये, मग करायचं काय, असा सूर असलेली बरीच पत्रं जमली होती म्हणून हा भाग फक्त त्याच विषयाला दिलाय. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही कारण प्रत्येकाच्या भिंतीत वेगळी वायर आहे, आणि डबा विकत घ्यायच्या आधी भिंतीत काय आहे ते बघा हेच मला प्रत्येक पत्राला सांगावंसं वाटतं.

प्रश्न (डोंबिवली): आमचा टू बीएचके आहे. नेटचा डबा हॉलमध्ये दाराजवळ आणि मुलगी ऑफिसचं काम करते शेवटच्या बेडरूममधून. तिथे वायफायची एखादी काडी येते, मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो, चित्र थिजतं. एक्स्टेंडर लावून झाला, काही फरक नाही. सगळे म्हणतात वायर टाका, पण दिवाळीलाच घराला रंग दिलाय, भिंत फोडायची नाही आणि भिंतीवर पट्टी मारलेली घरात कुणाला चालणार नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर: आहे, एकापेक्षा जास्त आहेत. आधी एक्स्टेंडर का फसला ते सांगतो. तो तुम्ही बहुतेक बेडरूममध्येच लावला असणार, जिथे मुळात सिग्नल येत नाही तिथे, मग तो बिचारा पुढे काय वाढवणार, आणि वर जे ऐकलं तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलायचं म्हणजे स्पीड निम्म्याच्या आसपास जातोच. मधे आरसीसीचा बीम, बाथरूमच्या टाइल्स, पाण्याचे पाइप, आणि शेजारच्या वीस घरांची वायफाय. डोंबिवलीतल्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफायची यादी उघडून बघा, स्क्रोल करावी लागते.

आता एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि बेडरूममधला टेलिफोनचा पॉइंट उघडा. हो, तोच जो कुणी वापरत नाही आणि ज्याच्यासमोर कपाट आलंय. आत किती तारा आहेत ते मोजा. मागच्या दहा-पंधरा वर्षांतली बिल्डिंग असेल तर बऱ्याच बिल्डरांनी टेलिफोनसाठी म्हणून सरळ कॅट-५ई किंवा कॅट-६ टाकलेली असते, आणि घरमालकाला त्याचा पत्ताच नसतो. केशरी, हिरव्या, निळ्या, तपकिरी आणि त्यांच्या जोडीच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अशा आठ तारा पिळलेल्या दिसल्या तर तुमचं काम झालंच म्हणून समजा, ती नेटवर्कचीच केबल आहे, फक्त दोन्ही टोकांना टेलिफोनचा जॅक काढून नेटचा, म्हणजे आरजे-४५ चा बसवायचा. सीसीटीव्हीवाला किंवा ऑफिसात नेटवर्किंग करणारा कुणीही मुलगा हे पंचिंग अर्ध्या तासात करून देतो. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायला सांगा, बास. दुसरं टोक बहुतेक दाराजवळ किंवा डीबीच्या (मेन स्विचच्या बोर्डाच्या) शेजारच्या छोट्या बॉक्समध्ये निघतं, म्हणजे तुमचा डबा आहे तिथेच. फक्त आधी त्या लाइनवर जुना लँडलाइन किंवा सोसायटीचा इंटरकॉम चालू नाही ना ते बघा. फोनच्या लाइनवर ४८ व्होल्ट असतात आणि रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त, ते राउटरच्या पोर्टात गेले तर पोर्ट गेला.

चारच तारा निघाल्या तर १०० एमबीपीएसपर्यंत चालू शकतं कारण तेवढ्या स्पीडला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. पण त्या चार तारा नीट पिळलेल्या हव्यात, नुसत्या सरळ समांतर असतील तर नाद सोडा. आणि दोनच निघाल्या तर... थांबा, लगेच झाकण लावू नका. त्या तारा ज्या पाइपातून आल्यात तो पाइप बघा. आपल्याकडे आरसीसीच्या घरात ही वायरिंग बहुतेक कन्सील्ड पाइपातून जाते, तेव्हा जुन्या निकामी फोन वायरला नवी कॅट-६ बांधायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची. तुम्ही नवी केबल नको म्हणालात ते मला मान्य आहे, पण तुम्हाला खरं नको आहे ते भिंत फोडणं आणि पट्टी, आणि यात दोन्ही नाही. इलेक्ट्रिशियनकडे स्प्रिंग असते, जुनी वायर मधेच तुटली तर तिने काढतो. पाइप कुठे चेपलेला असेल किंवा वळणावर सिमेंट गेलं असेल तर ओढली जाणार नाही, तेव्हा जबरदस्ती करू देऊ नका. आणि एक अगदी महत्त्वाचं, लाइटच्या वायरी ज्या पाइपातून गेल्यात त्याच पाइपात नेटची केबल घालायची नाही, इलेक्ट्रिशियन "काही होत नाही साहेब" म्हणाला तरी नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर पुढचा उपाय तुमच्या नेटवाल्याला फोन करणं. डबा दाराजवळच असायला हवा असं कुठे लिहिलेलं नाही, ज्या दिवशी तो माणूस आला त्या दिवशी त्याला तिथे सोपं पडलं एवढंच. फायबरची तार बारीक असते, दाराच्या चौकटीच्या कडेने, छताच्या कोपऱ्यातून नेली तर लक्षातही येत नाही. डबा हॉलमधून पॅसेजमध्ये आला तरी बेडरूमचं नशीब बदलतं. शिफ्टिंगचे पैसे घेतात, किती ते आधी विचारून घ्या. तार काटकोनात करकचून वाकवू देऊ नका, सिग्नल पडतो.

आणि तिसरा उपाय पॉवरलाइन, म्हणजे लाइटच्या वायरीतूनच नेट. एक डबी हॉलमध्ये राउटरजवळच्या सॉकेटात, दुसरी बेडरूममध्ये, दोन्हीवरचं पेअरचं बटण दाबायचं, झालं. फ्लॅटमध्ये बहुतेक सिंगल फेज असतं त्यामुळे तुमच्याकडे चालायची शक्यता चांगली आहे. पण त्याचे नखरे फार, ते पुढच्या पत्रात येतायत. मोठ्या खर्चात पडायच्या आधी परत घेतील अशा ठिकाणाहून घ्या कारण तुमच्या घरच्या वायरिंगवर ती किती पळेल हे लावल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

केबलवाल्याची काळी टीव्हीची वायर बेडरूमपर्यंत गेलेली असेल तर तिचाही उपयोग होतो, पण त्यासाठी लागणारे अ‍ॅडॉप्टर आपल्याकडच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. त्याबद्दल सविस्तर एडिसनच्या पत्रात.

प्रश्न (कोथरूड, पुणे): ६०० एमबीपीएस लिहिलेली पॉवरलाइनची जोडी आणली. आमचा प्लॅन ३०० चा आहे. वरच्या मजल्यावर स्पीड टेस्ट केली तर ८५ च्या वर जात नाही आणि संध्याकाळी तर ३०-३५. फसवलं का आम्हाला?

उत्तर: बॉक्सवरचा आकडा वाचून वस्तू घेतली की असं होतं, पण त्याला सरळ फसवणूक म्हणता येत नाही, तिथेच तर गंमत आहे. तो ६०० चा आकडा म्हणजे वायरीवरचा कच्चा हिशेब, येणारं जाणारं सगळं एकत्र धरून आणि प्रयोगशाळेतल्या वायरीवर. शिवाय तुमच्या डबीच्या बुडाला नेटची वायर लावायचा जो लॅन पोर्ट आहे तो बघा, ६०० वाल्या बऱ्याच मॉडेलना पोर्टच १०० एमबीपीएसचा देतात! म्हणजे वायरीतून कितीही आलं तरी पोर्टातून ९५ च्या वर बाहेर पडणारच नाही. पुढच्या वेळी गिगाबिट पोर्ट लिहिलंय का ते आधी बघा आणि मग मोठा आकडा. १००० वाल्या जोडीतून चांगल्या वायरिंगवर खरे १०० ते ३०० मिळतात, जुन्या वायरिंगवर ३०-५० वरही समाधान मानावं लागतं.

संध्याकाळी का पडतं? कारण संध्याकाळी घर जागं होतं. स्वस्तातले मोबाइल चार्जर, एलईडी बल्बांचे ड्रायव्हर, मिक्सर, वॉशिंग मशीन, पंख्याचा रेग्युलेटर, हे सगळे त्याच वायरीत कचरा टाकत असतात आणि पॉवरलाइनचा सिग्नल २ ते ८६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्या कचऱ्यातून वाट काढत जातो. डबी कधीही एक्स्टेन्शन बोर्डात लावू नका, स्पाइक गार्डमध्ये तर नाहीच, त्यातला फिल्टर नेटचा सिग्नलच गिळून टाकतो. थेट भिंतीतल्या सॉकेटात. आणि शेजारच्या सॉकेटातला चार्जर काढून बघा, कधीकधी एका चार्जरने वीस-तीसचा फरक पडतो.

तुमचं रो हाउस आहे का? वरचा मजला म्हणताय म्हणून विचारतो. कनेक्शन थ्री फेज असेल आणि खालचा हॉल एका फेजवर, वरची खोली दुसऱ्या फेजवर असेल तर सिग्नलला एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते आणि त्यात तो अर्धमेला होतो. इलेक्ट्रिशियनला डीबी उघडून दोन्ही सॉकेट कुठल्या फेजवर आहेत विचारा, बदलून देता येत असेल तर देईल. इन्व्हर्टरची लाइन आणि साधी लाइन यांच्यातही हीच अडचण येते, दोन्ही डब्या एकाच बाजूला ठेवा. आणि नवीन पिढीच्या, एव्ही२ वाल्या काही डब्या फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची तारही वापरतात, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल किंवा तुम्ही दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून डबी खोचली असेल तर तो फायदा गेला. बाहेरून मागवलेल्या डबीची पिन आपल्या सॉकेटात नीट बसते का हे बघणं म्हणूनच महत्त्वाचं, हलणारी पिन म्हणजे कमी स्पीड आणि वर गरम होणारं सॉकेट.

पेअरचं बटण दाबलं होतं ना? बॉक्समधून काढल्या काढल्या नुसत्या खोचल्या तरी बऱ्याच जोड्या चालू होतात कारण कंपनीतून सगळ्यांचा पासवर्ड सारखाच येतो, पण लाइटची वायर मीटरपाशी संपत नाही आणि शेजाऱ्याकडेही तशीच डबी असेल तर तुमचं नेट त्याच्याकडे पोचू शकतं. बटण दाबलं की जोडीचा स्वतःचा १२८ बिटचा पासवर्ड तयार होतो. जाता जाता, तुमच्या आसपास कुणी हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलणारे, असतील तर त्यांचा या डब्यांवर राग असतो, शॉर्टवेव्हवर खरखर येते म्हणून. हॅमचे पट्टे वगळायची सोय डब्यांमध्ये केलेली असते पण तरी तक्रार आली तर ऐकून घ्या.

आणि खरं सांगू का, ८५ वाईट नाही. व्हिडिओ कॉलला ४ एमबीपीएस पुरतात, फोर-के सिनेमाला १५ ते २५. तुम्हाला त्रास संध्याकाळच्या चढउताराचा आहे, ८५ चा नाही. चार्जर आणि बोर्डाचं आधी बघा, नवीन जोडी नंतर.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आम्ही भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो, घरमालक ड्रिल करू देत नाही. राउटर खाली लिव्हिंग रूममध्ये, माझं ऑफिस वर. प्रत्येक खोलीत टीव्हीच्या केबलचा पॉइंट आहे जो आम्ही कधीच वापरला नाही. इथे कुणीतरी मोका म्हणालं. घ्यावं का?

उत्तर: घ्या. मोका म्हणजे टीव्हीच्या केबलमधूनच नेट नेणं. भारतातल्या वाचकांना मी जे चार उपाय सांगत बसतो ते तुम्हाला सांगायची गरजच नाही, तुमच्या भिंतीत सोनं आहे. ती काळी टीव्हीची, म्हणजे कोॲक्सची वायर अशी असते, मधे एक जाड तार, भोवती जाळी, बाहेरचा कचरा आत येत नाही, म्हणून पॉवरलाइनचे सगळे नखरे इथे गायब. मोका २.५ ची जोडी अडीच गिगाबिटपर्यंत जाते, लॅग तीन-चार मिलिसेकंदाचा, नेटवर्क केबल टाकल्यात आणि यात रोजच्या कामात तुम्हाला फरक कळणार नाही.

पण खरेदीआधी तुमचा राउटर बघा, व्हेरायझन फायोस आणि एक्सफिनिटी या तिकडच्या नेटवाल्यांच्या बऱ्याच राउटरमध्ये मोका आधीच असतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं, मग एकच अ‍ॅडॉप्टर वरच्या खोलीसाठी पुरतो. राउटरमधलं मोका जुन्या २.० चं असेल तर जास्तीत जास्त गिगाबिटच्या आसपास मिळेल, ऑफिसच्या कामाला तेही भरपूर.

आता बेसमेंट किंवा गॅरेजमध्ये जा, तिथे सगळ्या वायरी एका स्प्लिटरला येऊन मिळत असतील. त्यावर छापलेलं वाचा. ५-१००० मेगाहर्ट्झ असेल तर बदला, मोका ११२५ ते १६७५ मध्ये चालतं, तेव्हा १६७५ लिहिलेला घ्या, स्वस्त असतो. वरच्या ऑफिसची वायर या स्प्लिटरला खरंच जोडलेली आहे का तेही बघा, बऱ्याच घरांत ती नुसतीच लोंबत असते आणि माणूस अ‍ॅडॉप्टरला शिव्या देत बसतो. मधे जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो मोका अडवू शकतो. रिकाम्या तोंडांना ७५ ओहमच्या टोप्या लावा. आणि बाहेरून वायर घरात जिथे येते तिथे एक पीओई (पॉइंट ऑफ एंट्री) फिल्टर, बोटाएवढा असतो, तो तुमचा सिग्नल घराबाहेर जाऊ देत नाही आणि उलटा आत परतवतो म्हणून आतलं कनेक्शनही सुधारतं. टाउनहाउसमध्ये भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत त्यामुळे हा फिल्टर टाळू नका आणि अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये पासवर्डही टाका. घर सोडताना सगळं काढून बरोबर नेता येतं, घरमालकाला कळायचंही नाही.

घरात सॅटेलाइट डिश चालू असेल तर मात्र त्या वायरीवर मोका लावू नका. हे भारतातल्या डीटीएचवाल्यांनाही लागू आहे, छत्रीकडून येणाऱ्या वायरीत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल असतो, म्हणजे दोघांची टक्कर, आणि छत्रीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्टही त्याच वायरीतून जातात. डीटीएच बंद केलेलं असेल तर ती वायर छत्रीपासून आणि बॉक्सपासून सोडवून बिनधास्त वापरा.

पॉवरलाइनचं तुमच्याकडे कुणी सुचवलं तर नको म्हणा. तिथल्या घरांत १२०-१२० व्होल्टच्या दोन बाजू असतात, नवीन घरांत ठिणगी ओळखून लाइट तोडणारे एएफसीआय ब्रेकर असतात, दोन्ही पॉवरलाइनला त्रास देतात.

प्रश्न (रत्नागिरी): आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. मागे खळ्यापलीकडे होमस्टेच्या दोन खोल्या बांधल्या, तिथे वेगळा मीटर घेतलाय. अंतर साधारण ४०-५० मीटर. पाहुणे पहिला प्रश्न नेटचाच विचारतात. घरातलं नेट लाइटच्या वायरीतून तिकडे नेता येईल का?

उत्तर: नाही. वेगळा मीटर म्हणजे सिग्नल मीटरमधून बाहेर जाऊन खांबावरून फिरून परत यायचा, कधीतरी लागला तरी त्याच्यावर धंदा चालवता येणार नाही. तुम्हाला वायर टाकावीच लागेल, पण तांब्याची टाकू नका. लांबीचा प्रश्न नाही, कॅट-६ शंभर मीटरपर्यंत चालते, प्रश्न विजांचा आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात काय कडकडाट होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दोन वेगळ्या इमारतींमधे उघड्यावरून तांब्याची तार नेली की जवळपास वीज पडली तरी त्या तारेत झटका येतो आणि दोन्हीकडचे राउटर, वर टीव्हीही, एका रात्रीत जातात. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, ही आणखी एक अडचण.

फायबर घ्या. काचेतून वीज वाहत नाही. केबलवाला खांबावरून ओढतो तीच सिंगल मोडची ड्रॉप केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर लावून तयार मिळते किंवा केबलवाल्याकडूनच जोडून घ्या, आणि दोन्हीकडे एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर एका बाजूला आणि साधी नेटची वायर दुसऱ्या बाजूला लागणारी डबी. कन्व्हर्टर जोडीनेच घ्या, ए आणि बी अशी जुळणारी जोडी लागते. या केबलला आधाराला एक पोलादी तार असते, ती दोन्ही घरांच्या बाहेरच कापायची, आत आणायची नाही, नाहीतर विजेला तुम्ही स्वतःच वाट दिलीत. जमिनीतून नेणार असाल तर पाण्याच्या काळ्या पाइपातून न्या, उंदीर नाहीतर घुशी फडशा पाडतात.

खणायचं नसेल तर समोरासमोर बघणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या दोन आउटडोअर डब्या हाही पर्याय आहे, एवढ्या अंतराला पावसाने काही होत नाही. मात्र मधे आंब्याची फांदी नको, ओली पानं सिग्नल पितात, उन्हाळ्यात उत्तम चाललेलं जूनमध्ये बंद पडतं आणि दोष कंपनीला जातो.

प्रश्न (जळगाव): पॉवरलाइन लावली तर लाइट गेल्यावर नेट बंद पडेल का? आणि पलीकडच्या खोलीत वायर पोचली तरी फोनला वायफाय कसं मिळणार?

उत्तर: हो, बंद पडेल, डबीलाच करंट नाही तर ती काय करणार. इन्व्हर्टरच्या लाइनवर दोन्ही डब्या असतील तर चालू राहतील, पण स्क्वेअर वेव्हवाला जुना इन्व्हर्टर इतका आवाज करतो की स्पीड पार खाली येतो. राउटर आणि नेटच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना आणि किती अँपिअर ते आधी वाचा. मोका किंवा साधी नेटवर्क केबल असेल तर पलीकडच्या खोलीतही असाच एक छोटा यूपीएस लावून पूर्ण साखळी चालू ठेवता येते, पॉवरलाइनला ती सोय नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, घरातला जुना राउटर काढा. त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो चालू करा. नसेल तर डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी वाटायची सोय) बंद करा, त्याचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ असा काहीतरी द्या जो मुख्य राउटरच्या रांगेत बसेल पण त्याच्यासारखाच नसेल, आणि येणारी वायर वॅनच्या नाही तर लॅनच्या पोर्टात लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड हॉलमधलाच ठेवा, चॅनेल फक्त वेगळा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकी. मेशची, म्हणजे मिळून एकच वायफाय चालवणाऱ्या डब्यांची, जोडी असेल तर तिच्या दोन डब्यांमधेही हीच वायर लावता येते आणि मग ती मेश खऱ्या अर्थाने पळते. पुढच्या अंकासाठी राउटरच्या सेटिंगचे प्रश्न पाठवायचे असतील तर मॉडेलचं नाव डब्याच्या बुडावर असतं ते लिहून पाठवा.